दगडाचे पासबुक

अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन ही ४४६ किलोमीटर लांबीची घळ वाहत्या पाण्याने कोरली, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ती कधी कोरली, याचा. २०१२ साली रिबेका फ्लॉवर्स आणि केनेथ फार्ली यांनी मांडले की, पश्चिमेकडची घळ ७ कोटी वर्षांपूर्वीच जवळपास आजच्याइतकी खोल होती. २०१४ साली कार्ल कार्लस्ट्रॉम आणि सहकारी म्हणाले, काही तुकडे जुने असतील. पण सलग घळ ५० ते ६० लाख वर्षांपूर्वीची, आणि पश्चिम टोकही तेवढेच तरुण!

गंमत अशी की, दोन्ही पक्षांचा मुख्य साक्षीदार एकच. अ‍ॅपाटाइट या खनिजाचे वाळूच्या कणाएवढे स्फटिक. त्यातल्या युरेनियम-थोरियमपासून हेलियम वायू सतत तयार होतो. स्फटिक तापलेला असेल तर तो निसटतो. साधारण ७० अंशांखाली साठू लागतो. जमिनीत दर किलोमीटरला २५-३० अंश उष्णता वाढते. वरचा खडक झिजला की खालचा निवतो. साठलेला हेलियम मोजला की, तो केव्हा निवला याचा अंदाज येतो.

खरी मेख इथेच आहे. बँकेत हयात घालवलेला माणूस सांगेल, नुसत्या शिलकेवरून खात्यातले व्यवहार कळत नाहीत. पाच हजार एकदम भरले काय, किंवा वर्षानुवर्षे भरत-काढत गेले काय, शिल्लक तीच दिसू शकते. झटकन निवलेला आणि ६० अंशांच्या आसपास रेंगाळलेला दगड, दोघांतही हेलियम सारखाच सापडू शकतो. म्हणून संगणक तापमानाचे हजारो संभाव्य इतिहास रचून पाहतो आणि मोजमापाशी जुळणारे तेवढे ठेवतो. उत्तर म्हणून एक रेघ मिळत नाही, रुंद पट्टा मिळतो. स्फटिकाला किरणोत्साराने झालेली इजा हेलियम किती अडवते, हे गृहीत बदलले की पट्टाही सरकतो.

अशा वेळी दुसरा पुरावा शोधावा लागतो. घळीच्या पश्चिम मुखाशी साचलेल्या जुन्या थरांत सुमारे ६० लाख वर्षांपूर्वीपर्यंत कोलोरॅडो नदीचा गाळच नाही. जुन्या घळीचा पक्ष म्हणतो, तेव्हा तिथून दुसरी नदी वाहत असेल.

संगणकाने काढलेली सुबक आकृती पाहून आपण चटकन मान डोलावतो. पासबुक कितीही नेटके असो, व्हाउचरशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर सही करू नये.