परदेशी कारखाना आणि स्थानिक कसब

गावाच्या माळावर एखादी मोठी परदेशी कंपनी कारखाना काढणार अशी वार्ता आली, की पहिला प्रश्न विचारला जातो तो भांडवलाचा आणि दुसरा नोकऱ्यांचा. किती कोटी येणार आणि किती हातांना काम मिळणार, एवढे कळले की आपले समाधान होते. हे दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण तिसराही एक प्रश्न आहे आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. उद्या ही कंपनी निघून गेली, तर येथे काय उरेल? त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी आज आपणांस चेन्नईच्या परिसरात नेणार आहे. कारण त्या एकाच परिसरात दोन बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी सात वर्षांच्या अंतराने आपले काम आवरते घेतले, आणि दोघींच्या मागे जे उरले ते सारखे नव्हते.

प्रारंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. एकाच धंद्यातले अनेक लहानमोठे कारखाने एका मुलखात दाटीने वसले, म्हणजे त्याला आपण उद्योगसंकुल म्हणतो. ही कल्पना आपणांस नवी नाही. पुण्याच्या तांबट आळीत तांबट एकमेकांशेजारी का राहिले? तांब्याचा पत्रा विकणारा तेथेच येई, गिऱ्हाईक तेथेच येई, आणि घरातले पोर ठोके ऐकत ऐकत हातोडी धरावयास शिके. मोटारींच्या संकुलातही तत्त्व हेच असते. मोटारीत हजारो सुटे भाग असतात आणि कोणतीही कंपनी ते सगळे स्वतः बनवीत नाही. ती ते पुरवठादारांकडून घेते. त्या पुरवठादारांना साचे करून देणारे, ओतकाम करणारे, पोलाद तापवून कठीण करणारे, मुलामा चढविणारे असे आणखी लहान कारखाने लागतात. मोठ्या कंपनीचे नाव फलकावर दिसते. संकुलाचा प्राण मात्र या खालच्या थरांत असतो.

चेन्नईच्या वायव्येस पाडी नावाची वस्ती आहे. तेथे १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत टी. व्ही. एस. उद्योगसमूहाने ब्रिटिश कंपन्यांच्या सहकार्याने एकामागून एक कारखाने उभारले. लुकास-टीव्हीएस १९६१ मध्ये निघाली, ब्रेक्स इंडिया आणि सुंदरम-क्लेटन १९६२ मध्ये. मोटारीची विद्युत-सामग्री आणि निरनिराळ्या प्रकारचे ब्रेक येथे बनू लागले. त्याआधीची परिस्थिती वेगळी होती. फोर्ड आणि जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्या १९२० च्या दशकापासून भारतात सुटे भाग आणून गाड्या जुळवीत असत. पण भाग येथेच बनविले पाहिजेत असा आग्रह सरकारने धरला, तेव्हा १९५० च्या दशकात त्या निघून गेल्या. पाडीचे कारखाने हे त्या आग्रहाचे फळ होते. परदेशी कंपनीचे तंत्र त्यांत होते; मात्र ते हाताळणारे हात येथले होते, आणि तंत्राबरोबर जबाबदारीही येथल्या माणसांवर आली होती.

पुढे बाजार खुला झाला आणि १९९५ मध्ये फोर्ड महिंद्रांच्या भागीदारीत पुन्हा भारतात आली. तिचा कारखाना चेन्नईजवळ मराईमलाई नगर येथे झाला. ह्युंदाईने १९९६ मध्ये श्रीपेरुम्बुदूरच्या बाजूस इरुंगाट्टुकोट्टई येथे पाय रोवला, आणि १९९८ मध्ये तिची सँट्रो ही गाडी बाजारात आली. बंदर जवळ, सरकारच्या सवलती, ही कारणे होतीच. पण ब्रेक कोठून आणावयाचे, साचे कोणाकडून करून घ्यावयाचे, हा प्रश्न येथे अर्धा सुटलेला होता, हेही तितकेच खरे. ह्युंदाईबरोबर तिचे अनेक कोरियन पुरवठादार आले. मोटारीच्या बैठका किंवा बंपर दूरवरून आणणे म्हणजे भाडे भरून हवा वाहून नेणे होय. म्हणून ते बनविणाऱ्यांस कारखान्याच्या शेजारीच यावे लागते.

अशा मोठ्या गिऱ्हाइकामुळे लहान कारखान्यास शिस्त लागते. नकाशाबरहुकूम माप, नेमलेल्या तासाला माल, आणि सदोष नग निघालाच तर त्याचे कारण शोधून ते समूळ काढण्याची सवय, या तीन गोष्टी तो शिकतो. सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागास १९९८ मध्ये गुणवत्तेसाठी जपानचे डेमिंग पारितोषिक मिळाले. ही सवय एकदा अंगी बाणली, की ती एका गिऱ्हाइकाची मालमत्ता राहत नाही. कारागीर एका कारखान्यातून दुसऱ्यात जातो, एखादा अभियंता स्वतःचे यंत्रघर काढतो, आणि विद्या पसरते.

आता दुसरे उदाहरण पाहा. याच श्रीपेरुम्बुदूरला २००६ मध्ये नोकिया कंपनीचा मोबाईल फोनचा कारखाना सुरू झाला. तो विशेष आर्थिक क्षेत्रात होता. तिचे काही पुरवठादारही त्याच आवारात आले. हजारो तरुण-तरुणींना, विशेषतः खेड्यांतल्या मुलींना, काम मिळाले, आणि त्यांच्या घरी पहिल्यांदाच नियमित पगार आला. हा लाभ क्षुल्लक नव्हता. पण फोनमधले मोलाचे भाग आकाराने लहान आणि वजनाने हलके; ते विमानाने येऊ शकतात, आणि या क्षेत्रात त्यांच्या आयातीवर सीमाशुल्कही नव्हते. त्यामुळे ते येथेच बनविण्याची निकड कोणास भासली नाही. पुढे नव्या धर्तीच्या फोनांपुढे नोकिया मागे पडली, भारतात करांचा वाद उभा राहिला, तिचा फोनचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टने घेतला तेव्हा हा कारखाना त्या व्यवहाराबाहेर राहिला, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यातले उत्पादन थांबले. शेजारचा फॉक्सकॉनचा कारखानाही बंद पडला. एका खांबावर उभा असलेला मांडव खांबाबरोबरच खाली आला.

फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले. दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरांहून अधिक तोटा झाल्याचे कंपनीने सांगितले. २०२२ मध्ये मराईमलाई नगरातून शेवटची गाडी बाहेर पडली. कामगारांना भरपाईसाठी आंदोलन करावे लागले. ज्या लहान कारखान्यांची सारी भिस्त फोर्डवर होती, ते अडचणीत आले. मात्र संकुल मोडले नाही. ह्युंदाई होती, रेनो-निस्सान होती, अशोक लेलँड होती. ज्यांचे गिऱ्हाईक एकाहून अधिक होते, ते तरले. आणि त्याच कारखान्यातून पुन्हा निर्यातीसाठी उत्पादन करण्याचा मनोदय फोर्डनेच २०२४ मध्ये जाहीर केला.

तरीही नोकियाच्या मागे काहीच उरले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिची इमारत पुढे साल्कॉम्प या चार्जर बनविणाऱ्या कंपनीने घेतली, आणि फॉक्सकॉनही परतून ॲपलचे फोन जुळवू लागली. कामाची सवय झालेले मनुष्यबळ तेथे होते. पण मधली चार-पाच वर्षे ज्या घरांतला पगार बंद झाला, त्यांना या पुनरागमनाचा काय उपयोग?

कंपन्यांना केवळ अटी घालून हे साधेल काय? १९९७ च्या धोरणाने मोटार कंपन्यांना तीन वर्षांत निम्मे आणि पाच वर्षांत सत्तर टक्के भाग देशातच बनविण्याचे बंधन घातले होते. अमेरिका आणि युरोपीय संघ यांनी त्यास हरकत घेतली, आणि जागतिक व्यापार संघटनेत निर्णय भारताच्या विरुद्ध लागला. तो मार्ग अरुंद झाला आहे. मात्र तंत्रशाळा, चाचणीची साधने, लहान कारखान्यांना वेळेवर कर्ज, ही कामे करण्यास कोणी आडकाठी केलेली नाही.

आपल्या तळेगावातही जनरल मोटर्सने २०२० च्या अखेरीस उत्पादन थांबविले आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. एक कंपनी गेली तरी दुसरी आली, याचे श्रेय एकट्या जमिनीला आणि इमारतीला नाही. पुणे-पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात अनेक वर्षे साठत आलेल्या कसबालाही ते द्यावे लागेल.

म्हणून यापुढे कोणत्याही माळावर कोनशिला बसेल, तेव्हा आपण आणखी काही विचारले पाहिजे. किती भाग येथेच बनणार? येथल्या किती लहान कारखान्यांशी व्यवहार होणार, आणि त्यांना दुसरे गिऱ्हाईक धरण्याची मोकळीक राहील काय? येथली मुले केवळ जुळणी करतील, की साचा घडविण्यासही शिकतील? कंपनीचा निर्णय दूरच्या राजधानीत होतो आणि तो आपल्या हाती नसतो. पण ती येथे असेपर्यंत आपण काय शिकून घेतो, हे पुष्कळसे आपल्या हाती आहे.