चूक झाली म्हणून गप्प बसायचं?

थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर उंदेरी आणि खांदेरी दिसतात. मागे कोळीवाडा. या किनाऱ्यावर लग्न म्हटलं की खरी धामधूम असते ती हळदीची. पूर्वी धवलारणीच्या गाण्यांवर हळद लागायची. आता मंडप, डीजे, मटण आणि दारू. एका रात्रीचा खर्च, आणि नंतर वर्षानुवर्षं हप्ते! म्हणूनच आगरी-कोळी समाजात ‘हळद साधी करा’ असा आवाज उठू लागला. आणि तो बायकांना जवळचा वाटला तर नवल नाही. दारूचा त्रास त्यांनाच आणि कर्जाची काळजीही त्यांनाच.

समजा, थळच्या एका बचत गटात एक मावशी आहे. मासळी विकून घर चालवणारी. गटात ठणकावून सांगणारी, ‘हळदीला दारू नको, कर्ज काढून मिरवणं नको.’ पुढे तिच्याच मुलाचं लग्न ठरतं. दीर म्हणतो, ‘वहिनी, थोरल्या घरची हळद अशी सुकी करायची?’ मुलगा रुसून बसतो. नवऱ्याचं एकच पालुपद, लोक काय म्हणतील? आणि मावशी नमते. डीजे वाजतो, बाटल्या फुटतात, कर्ज डोक्यावर बसतं.

पुढच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, ‘मावशी, आता सांगा ना साध्या हळदीचं!’ सगळ्या हसतात. त्या दिवसापासून मावशी गप्प. हळूहळू बैठकीला येणंही बंद.

मैत्रिणींनो, ही मावशी तुमच्या ओळखीची आहे, हो ना? कुठे ती हुंड्याविरुद्ध बोललेली असते आणि लेकीच्या लग्नात गुपचूप पैसे मोजते. कुठे ‘मुलगा-मुलगी समान’ म्हणते आणि ऐन वेळी फी भरते ती मुलाची. प्रश्न एवढाच, की एकदा पाय घसरला म्हणजे त्या वाटेनं चालायचा हक्कच संपतो का?

हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात एका फार मोठ्या माणसापुढे उभा राहिला होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. विधवांचे पुनर्विवाह व्हावेत म्हणून ते झटत होते. 1869 साली मुंबईत झालेल्या गाजलेल्या पुनर्विवाहाच्या पाठीशी ते उभे राहिले आणि त्यापायी बहिष्कारही सोसला. 1873 मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. तेव्हा ते 31 वर्षांचे होते. आता हे विधवेशीच लग्न करणार, असं त्यांच्या मित्रांना वाटलं. वडिलांना नेमकी तीच भीती वाटली. त्यांनी घाईघाईनं मुलगी पाहिली आणि हट्टच धरला. रानड्यांनी विनवण्या केल्या, पण वडिलांचं मन मोडणं त्यांना जमलं नाही. लग्न झालं ते 11 वर्षांच्या रमाबाईंशी.

किती टीका झाली असेल, कल्पना करा. सुधारक म्हणवतो आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा अकरा वर्षांची नवरी! टीका खोटीही नव्हती. त्यांच्याच बरोबर काम करणारे विष्णुशास्त्री पंडित यांनी पत्नी गेल्यावर 1874 मध्ये विधवेशी लग्न करून दाखवलं. म्हणजे हे अवघड होतं, पण अशक्य नव्हतं.

मग रानड्यांनी काय केलं? ‘बालविवाहात तसं वाईट काही नाही’ असं म्हणून स्वतःची बाजू सावरली नाही. ‘आता मला तोंड नाही’ म्हणून सुधारणेचं कामही सोडलं नाही. लग्नानंतर लगेच त्यांनी रमाबाईंना शिकवायला घेतलं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचत नव्हतं. टोमणे रमाबाईंना खावे लागत. तरी शिकणं थांबलं नाही. मराठी झालं, मग इंग्रजी. बाहेरचं कामही चालू राहिलं. 1887 मध्ये रानड्यांनी सामाजिक परिषद सुरू केली. बायकांचे प्रश्न त्या व्यासपीठावर वर्षानुवर्षं मांडले गेले.

याचा अर्थ त्यांचं पाऊल नंतर कधी अडखळलंच नाही, असं नाही. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ते इतर मंडळींबरोबर चहाला गेले. मिशनऱ्यांकडचा चहा, म्हणून पुण्यात गदारोळ झाला आणि 1892 मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून घेतलं, तरी सुधारकांना ती माघारच वाटली. खुद्द रमाबाईंनाही ते आवडलं नव्हतं. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या 1910 च्या पुस्तकात त्यांनी ते मोकळेपणानं लिहिलं आहे. नवऱ्यावर जीव, पण चुकीवर पांघरूण नाही!

रानडे 1901 मध्ये गेले. 1909 मध्ये रमाबाईंच्या पुढाकारानं पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथे बायका शिकल्या, परिचारिका झाल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. त्यात विधवाही होत्या. यानं 1873 ची चूक पुसली गेली का? नाही. अकरा वर्षांच्या मुलीचं लग्न झालं ते झालंच. पण रानडे त्या दिवशी खचून गप्प बसले असते, तर चूक तेवढी उरली असती आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

चूक झाल्यावर आपल्यापुढे दोन सोप्या वाटा असतात. एक, ‘त्यात काय एवढं, सगळेच करतात’ म्हणत तत्त्वालाच वाकवायचं. दुसरी, शरमेनं तोंड शिवून घ्यायचं. दोन्हीत मूळ गोष्ट हरते. तिसरी वाट अवघड आहे. चुकलं ते चुकलं म्हणायचं, ज्याचं नुकसान झालं त्याची भरपाई जमेल तेवढी करायची, आणि काम चालू ठेवायचं. आवाज थोडा खाली आला तर चालेल, बंद पडता कामा नये.

आपल्या मावशीनं पुढच्या बैठकीत उठून सांगावं, ‘माझ्याकडून नाही झालं. मंडपाला इतके, डीजेला इतके, दारूला इतके गेले. हप्ता इतका आहे आणि अजून इतके महिने फेडायचाय. हा बघा हिशेब. तुम्ही असं करू नका.’ साध्या हळदीवर याहून चांगलं भाषण कोण करणार? जी कधी चुकलीच नाही, तिच्याजवळ हा हिशेब नसतो. आणि ज्या हसल्या, त्यांनीही जरा विचार करावा. उद्या त्यांच्याही घरी दीर येणार आहे, मुलगा रुसणार आहे. त्या वेळी पाठीशी उभी राहणारी एक अनुभवी बाई त्यांनाही लागेलच.

तत्त्व हे काही पांढरं पातळ नव्हे, की एक डाग पडला म्हणून ते बोहारणीला देऊन टाकावं. धुवायचं, डाग राहिला तर राहू द्यायचा, आणि पुन्हा नेसायचं.