शेतकऱ्याचा नवा फोन : त्यात प्रथम काय घ्यावे?

कापसाचा पहिला वेचा विकला गेला की तालुक्याच्या बाजारपेठेत मोबाइलच्या दुकानांपुढे शेतकऱ्यांची गर्दी दिसू लागते. वर्षानुवर्षे बटनांचा साधा फोन वापरलेला माणूस प्रथमच स्मार्टफोन घेऊन घरी येतो. पुढील पंधरवड्यात त्या फोनचे काय होते, हे कोणत्याही गावात पाहावयास मिळेल. घरचा मुलगा त्यात खेळ भरतो, पुतण्या गाणी भरतो, चार-दोन व्हॉट्सॲप समूहांत मालकाचे नाव घातले जाते आणि सुप्रभातीच्या फुलांच्या चित्रांनी फोनची जागा व्यापली जाते. मग ऐन हंगामात ई-पीक पाहणीचे ॲप घेऊ जावे, तर फोन सांगतो की जागा शिल्लक नाही.

बैल विकत घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो, खांदा पाहतो, चालवून पाहतो. ॲप फुकट मिळते म्हणून ते पारखून घेऊ नये असे मुळीच नव्हे. फोनमध्ये पन्नास ॲपे असण्याची कोणालाही गरज नाही. शेतीच्या कामाची पाच-सहा चांगली ॲपे असली आणि ती वापरता आली, म्हणजे पुष्कळ झाले. कोणती घ्यावीत आणि का, याचा येथे विचार केला आहे.

पहिला मान ई-पीक पाहणीचा. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून पीकपेऱ्याची नोंद शेतकऱ्याने स्वतःच आपल्या फोनवरून करावी अशी व्यवस्था सुरू झाली. त्यापूर्वी हे काम सर्वस्वी तलाठ्याकडे होते, आणि एका तलाठ्याकडे अनेक गावे असल्यामुळे कधी कधी मागील वर्षाचेच पीक सातबाऱ्यावर पुढे चालत येई. पाच एकरांचा एक कोरडवाहू शेतकरी डोळ्यांपुढे आणावा. त्याचा तीन एकर कापूस आहे, कापसात तुरीच्या ओळी आहेत आणि दोन एकर सोयाबीन आहे. त्याच्या सातबाऱ्यावर ज्वारी लागलेली असेल, तर अतिवृष्टीचे अनुदान असो, हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीन घालणे असो की पीककर्ज असो, प्रत्येक ठिकाणी त्याची अडचण होणार. शेतात पीक उभे आहे हे सारा गाव पाहतो, परंतु कागदावर ते नसते.

ही भीती कल्पनेतील नव्हे. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना राज्य शासनाने २०२४ साली हेक्टरी ५,००० रुपयांप्रमाणे, दोन हेक्टरांच्या मर्यादेत साहाय्य देऊ केले. त्या वेळी प्रारंभी ई-पीक पाहणीतील नोंद हाच आधार धरण्यात आला होता. ज्यांनी सोयाबीन पेरले, काढले आणि विकलेही, परंतु फोनवरून नोंद केली नव्हती, त्यांची नावे याद्यांत आली नाहीत. पुढे ती अट शिथिल होऊन सातबाऱ्यावरील नोंद ग्राह्य धरली गेली. तथापि तोपर्यंत अशा शेतकऱ्यांना तलाठी कार्यालयाच्या किती खेपा घालाव्या लागल्या, हे ज्यांचे त्यांना ठाऊक. अर्ध्या तासाच्या कामासाठी एवढी यातायात कोणी करून घेऊ नये.

नोंदीची रीत अवघड नाही. खातेदाराचे नाव किंवा गट क्रमांक निवडावा, हंगाम निवडावा, पीक, क्षेत्र व पाण्याचे साधन भरावे आणि शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे. फोन त्या वेळी स्वतःचे ठिकाण टिपून घेतो. म्हणून घरी ओट्यावर बसून हे काम होत नाही, गटात जावेच लागते. पुष्कळजण येथे एक चूक करतात. मुख्य पिकाची नोंद करून ते मोकळे होतात आणि आंतरपीक राहून जाते. वरील शेतकऱ्याने तूर नोंदली नाही, तर पुढे तूर खरेदीच्या वेळी तो अडेल. बांधावरील झाडे व पड क्षेत्र यांचीही नोंद ॲपमध्ये करता येते, आणि ती करून टाकावी.

शिवारात नेटवर्क नसते ही तक्रार खरी आहे. तथापि माहिती व छायाचित्र शेतात साठवून ठेवता येते आणि नेटवर्क असलेल्या ठिकाणी आल्यावर वर पाठविता येते. फसगत होते ती येथेच. छायाचित्र घेतले म्हणजे काम झाले असे समजून शेतकरी फोन खिशात टाकतो आणि माहिती पाठविण्याची राहते. पाठविल्यानंतर गावच्या यादीत आपले नाव आले की नाही, हे त्याच ॲपमध्ये पाहूनच निश्चिंत व्हावे. खरिपाची नोंद साधारणतः १ ऑगस्टला सुरू होते. मुदत दरवर्षी जाहीर होते व कधी वाढविलीही जाते, परंतु वाढीव मुदतीच्या भरवशावर बसणे हे पेरणीसाठी दुसऱ्या पावसाची वाट पाहण्यासारखे आहे. अखेरच्या दोन दिवसांत सारे राज्य एकदमच ॲप उघडते आणि मग ते कोणाचेच उघडत नाही.

दुसरा मान दामिनीचा. हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिद्ध केले आहे. विजांचा वेध घेणाऱ्या केंद्रांकडून आलेली माहिती घेऊन फोन असेल त्या ठिकाणच्या सभोवतालच्या २० ते ४० किलोमीटरांत वीज पडत असल्यास ते इशारा देते. मराठवाड्यात व विदर्भात एप्रिल ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरात, दुपार कलल्यावर, विजांचे प्रमाण अधिक असते, आणि नेमक्या त्याच वेळी माणसे शेतात असतात. पाऊस आला की झाडाखाली जाणे ही शेतकऱ्याची जुनी सवय. उघड्या शिवारातील एकटे झाड हीच सर्वांत धोक्याची जागा होय.

येथे एका समजुतीचा उल्लेख करणे अवश्य आहे. मोबाइल विजेला ओढून घेतो असे समजून आभाळ गडगडू लागताच बरेच शेतकरी फोन बंद करतात. हातातील मोबाइल वीज ओढीत नाही. धोका असतो तो भिंतीतील चार्जरला जोडलेल्या फोनचा आणि तारेच्या जुन्या टेलिफोनचा. ज्या क्षणी इशारा यावयाचा त्याच क्षणी फोन बंद केल्यास दामिनी घेऊन उपयोग तो काय? इशारा येताच औत सोडावे, लोखंडी अवजार खाली ठेवावे, जनावरे झाडाला बांधू नयेत आणि पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे. तसा निवारा जवळ नसेल, तर झाड, खांब व तारेचे कुंपण यांपासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसावे, जमिनीवर आडवे होऊ नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत पुन्हा शेतात उतरू नये. रोजाने आलेल्या बायकांजवळ बहुधा असा फोन नसतो. तेव्हा ज्याच्या फोनवर इशारा आला त्याने तो सर्वांना ओरडून सांगितला पाहिजे.

मेघदूत हे ॲप २०१९ साली सुरू झाले. पुढील पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता व वारा यांचा जिल्ह्याचा अंदाज त्यात मिळतो, आणि दर मंगळवारी व शुक्रवारी पिकांविषयीचा सल्ला येतो. भाषा मराठी निवडता येते. फवारणी आज करावी की दोन दिवस थांबावे, सोयाबीन कापून टाकावे की उभे ठेवावे, अशा प्रश्नांना त्याचा चांगला उपयोग होतो. मात्र हा अंदाज जिल्ह्याचा असतो, गावाचा नव्हे. जिल्ह्यात पाऊस सांगितला आणि आपल्या शिवारात थेंबही पडला नाही, म्हणून ॲप काढून टाकणे शहाणपणाचे नाही.

बाजारभावासाठी ई-नाम आणि कृषी पणन मंडळाची सेवा आहे. त्याबद्दल एवढेच सांगणे पुरे की, पडद्यावरील कमाल दर पाहून गाडी भरू नये. कमाल दर मिळालेला माल दोन-चार पोत्यांचाही असू शकतो. सर्वसाधारण दर पाहावा, तारीख पाहावी आणि वाहतूक, हमाली व तोलाई वजा करूनच दुसऱ्या बाजाराचा विचार करावा.

पिकाच्या रोगट पानाचे छायाचित्र घेऊन रोग सांगणारी ॲपेही आता आहेत. प्लांटिक्स हे त्यांतील एक. राज्याच्या कृषी विभागाने २०२५ साली महाविस्तार हे ॲप आणले असून त्यात शेतीविषयक प्रश्न मराठीत विचारता येतो. अशा उत्तरांकडे शेजारच्या जाणत्या शेतकऱ्याच्या मताप्रमाणे पाहावे. ती ऐकावीत, पण औषधाची बाटली उघडण्यापूर्वी सहायक कृषी अधिकाऱ्याला, ज्याला गावकरी अजूनही कृषी सहायकच म्हणतात, त्याला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारावे. पान पिवळे पडण्याची कारणे अनेक असतात, आणि साचलेल्या पाण्याने पिवळ्या पडलेल्या सोयाबीनवर कीटकनाशक मारले तर पैसा व पीक दोन्ही जातात. ज्याला लिहिणे-वाचणे जमत नाही, त्याने १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरच्या विनामूल्य क्रमांकावर बोलावे. साध्या फोनवरूनही तो लागतो.

सातबारा पाहण्यासाठी भूमी अभिलेख विभागाचे संकेतस्थळ पुरेसे आहे. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो आणि तो कार्यालयीन कामास चालतो. आधार, वाहन परवाना इत्यादी कागद डिजिलॉकरमध्ये ठेवता येतात. पैसे पाठविण्यासाठी भीम किंवा आपल्या बँकेने सांगितलेले ॲप घ्यावे. एक गोष्ट मात्र मनात पक्की करून ठेवावी की, पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. “तुमच्या कांद्याचे पैसे पाठवतो, फक्त पिन टाका,” असे जो म्हणतो, तो पैसे देणारा नसून नेणारा असतो.

आता ज्या गोष्टीमुळे नव्या फोनमालकांचे सर्वांत मोठे नुकसान होते तिच्याकडे वळू. व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. तिचे नाव कधी ‘पीएम किसान’ असते, कधी वाहनाचा दंड, तर कधी लग्नपत्रिका. नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. पुष्कळदा ती ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरूनच येते, कारण त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. पीएम किसानचा हप्ता अडकला आहे, हे ॲप घेतले म्हणजे सुटेल, असा मजकूर सोबत असतो. वर्षाला ६,००० रुपये देणाऱ्या त्या योजनेच्या हप्त्याकडे डोळे लावून बसलेला शेतकरी घाईने बोट दाबतो. फोन एकदा विचारतो की, अनोळखी ठिकाणचे ॲप घ्यावयाचे काय? तो ‘होय’ म्हणतो. ते ॲप मग संदेश वाचण्याची परवानगी मागते. तीही मिळते. त्यानंतर बँकेकडून येणारा ओटीपी मालकाआधी चोर वाचतो, आणि कर्जाची रक्कम असो वा कापसाची, खाते रिकामे होण्यास फार वेळ लागत नाही.

कोणतीही सरकारी योजना व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवीत नाही. ॲप घ्यावयाचे ते फोनमधील प्ले स्टोअरमधूनच, आणि तेथेही ते कोणी प्रसिद्ध केले आहे हे नावाखाली वाचूनच. सरकारी ॲपासारखे चित्र व नाव दुसराही कोणी लावू शकतो. ग्रामसभेत किंवा शेतीशाळेत ही गोष्ट नुसती सांगून भागत नाही. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी चार फोन हाती घेऊन खरे ॲप कोठे असते ते प्रत्यक्ष दाखवावे. मात्र दुसऱ्याच्या फोनमध्ये स्वतः पिन टाकू नये आणि तो विचारूही नये. आज कार्यकर्त्याला पिन सांगितलेला माणूस उद्या कोणालाही सांगेल.

चुकून अशी फाइल उघडली गेलीच, तर लाजेने गप्प बसू नये. फोनचे इंटरनेट तत्काळ बंद करावे, दुसऱ्याच्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलविले जात असतात, त्यामुळे जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम वाटेत अडविली जाण्याची शक्यता अधिक. “लेकाला संध्याकाळी येऊ दे, मग बघू” असे म्हणण्यात तीच वेळ निघून जाते.

बँक व आधार यांना जोडलेला मोबाइल क्रमांक चालू ठेवणे हीसुद्धा याच संदर्भातील बाब आहे. नवा फोन घेताना स्वस्त योजनेच्या मोहाने नवे सिम घेतले जाते आणि जुने तसेच पडून राहते. दीर्घकाळ न वापरलेला क्रमांक बंद होतो व पुढे तो दुसऱ्या ग्राहकाकडे जाऊ शकतो. मग हप्त्याचा ओटीपी भलत्याच गावी वाजतो. क्रमांक बदलावयाचा असेल, तर आधी बँकेत व आधार केंद्रात जाऊन नोंद बदलून घ्यावी. कित्येक घरांत जमीन बाईच्या नावावर असते आणि क्रमांक मात्र दिराचा किंवा पुतण्याचा. तो तिच्या स्वतःच्या फोनचा असावा.

फोन घेतल्या दिवशीच त्याला कुलूप लावावे. *#०६# हे चिन्हांक दाबले असता पडद्यावर १५ अंकी क्रमांक दिसतो, तो बँकेच्या पासबुकाच्या मागील पानावर उतरवून ठेवावा. आठवडी बाजारात फोन गेला, तर पोलिसांत तक्रार नोंदवून संचार साथीवर हा क्रमांक दिल्यास तो फोन कोणत्याही सिमवर चालेनासा करता येतो. दोन सिमांच्या फोनला असे दोन क्रमांक असतात, ते दोन्ही लिहून ठेवावेत.