चांदणे नसलेली सोनाटा

बीथोवनच्या ‘मूनलाइट सोनाटा’त चांदणे नाही, निदान त्याने स्वतः ते घातलेले नाही. १८०१ साली रचलेली ही कृती पुढच्या वर्षी व्हिएन्नात प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यावर ‘जणू एखादी फँटसी’ एवढेच लिहिलेले होते. ल्युसर्न सरोवरावरच्या चंद्रप्रकाशाची उपमा जर्मन समीक्षक लुडविग रेलश्टाब याची. तीच पुढे नाव होऊन बसली. चांदणे म्हटले की आपल्याला कोजागरीचे आटीव दूध आठवते, आणि मग ऐकणारा त्याच प्रसन्नतेच्या शोधात राहतो.

प्रेमकथेचेही तसेच. सोनाटा काउंटेस जुलिएटा ग्विचार्डी या शिष्येला अर्पण केलेली आहे खरी. पण उतारवयात तिनेच सांगितले, की आधी तिला दुसरीच एक रचना मिळाली होती. ती सरदार घराण्यातल्या दुसऱ्याच एका स्त्रीला द्यावी लागली, म्हणून बदली ही आली. विरहाने व्याकूळ प्रियकराचे चित्र एवढ्याने कोसळत नाही. पण त्यावर फार भार टाकू नये, हे बरे.

याहून बोलका पुरावा पियानोवादक एडविन फिशर यांनी पुढे आणला. व्हिएन्नातल्या संग्रहात त्यांना बीथोवनच्या हस्ताक्षरातला एक कागद मिळाला. मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ या ऑपेरात वृद्ध सेनाधिकारी द्वंद्वात मारला जातो, त्या प्रसंगाचे काही स्वर त्यावर उतरवलेले होते, आणि तेही सी-शार्प मायनरमध्ये, म्हणजे सोनाटाच्याच स्वरात आणून. तीन-तीन स्वरांची ती संथ हालचाल दोन्हीकडे आहे. मला हा दुवा पटतो, कारण पहिल्या भागाची चाल अंत्ययात्रेची आहे.

आपल्या कानांना ती अशी समजून घेता येईल. सी-शार्प हा षड्ज मानला, तर उजव्या हाताच्या गीताचा पहिला स्वर पंचम. तो एकदा नव्हे, सलग सहा वेळा वाजतो, दीर्घ-ऱ्हस्व-दीर्घ अशा अडखळत्या लयीत. मग जेमतेम कोमल धैवताला शिवून पुन्हा पंचमावर. चाल म्हणावी असे यात काहीच नाही. पण खाली डाव्या हाताचे खर्जातले स्वर सरकतात, आणि तोच पंचम प्रत्येक वेळी वेगळा ऐकू येतो. तानपुऱ्यात आधार स्थिर असतो आणि गायक फिरतो. इथे स्वर जागच्या जागी उभा आहे आणि पायाखालची जमीन हलते आहे. माझ्या मते या रचनेचे सारे बळ इथे आहे. भागाच्या शेवटी तोच एकसुरी ठोका डाव्या हातात, खर्जात उतरतो.

दुसरी गोष्ट नादाची. पियानोत प्रत्येक तारेवर एक दाबपट्टी असते. बोट उचलले की ती पडते आणि आवाज थांबतो. संपूर्ण भाग अतिशय हळुवार आणि दाबपट्ट्यांशिवाय वाजवावा, अशी बीथोवनची स्पष्ट सूचना आहे. म्हणजे एका स्वराची आस विरण्याआधी पुढचा स्वर तीत मिसळावा. त्या काळच्या व्हिएन्नी पियानोंचा नाद लवकर ओसरे, त्यामुळे हे शोभत असे. आजच्या दणकट वाद्यावर त्याचा गलका होतो, म्हणून बहुतेक वादक पेडल बदलत राहतात. आंद्राश शिफ यांच्यासारखे थोडे मात्र मूळ सूचना शब्दशः पाळतात.

हे लिहिणाऱ्याचे कान तेव्हा जात चालले होते. जून १८०१मध्ये वेगेलर या डॉक्टर मित्राला त्याने कळवले, की कानांत रात्रंदिवस गुणगुण चालते, नाटक समजण्यासाठी वाद्यवृंदाला खेटून बसावे लागते, आणि बहिरेपण सांगता येत नाही म्हणून तो लोकांत जाणे टाळतो. सोनाटा म्हणजे या पत्राचे भाषांतर असे मी म्हणणार नाही. तरी स्वर विझू द्यायचा नाही, ही सूचना वाचताना ते पत्र आठवल्यावाचून राहत नाही.

बहुतेकांची ओळख पहिल्या भागापाशीच संपते. मैफलींच्या निवडक संग्रहांत तोच येतो. हा मोठा अन्याय आहे. न थांबता पुढे जा, असे त्या भागाच्या अखेरीस छापलेले आहे. दुसरा भाग छोटासा. पियानोवर षड्ज तोच, फक्त गांधार कोमलचा शुद्ध झालेला, आणि तेवढ्याने खोलीत उजेड येतो. लिस्टने त्याला दोन दऱ्यांमधले फूल म्हटल्याचे सांगतात.

मग तिसरा. पहिल्या भागात जे स्वर पाय ओढत चालत होते, तेच आता झपाट्याने वर धावतात आणि टोकाला पोहोचताच दोन घाव बसतात. पहिल्या भागाने जे आवरून धरले होते ते इथे सुटते. तरीही ती धाव सुरू होते हलक्या आवाजात. सुरुवातीपासून दणदणाट करणारा वादक हे वादळ वाया घालवतो. शेवटाजवळ सगळा वेग एकाएकी थांबतो, आणि दोन मापांपुरते खर्जातले संथ स्वर उरतात. त्यानंतर पुन्हा तीच धाव, आणि दोन जोरकस आघात. शुद्ध गांधार परत येत नाही.