संगणक सुरू होत नाही तेव्हा

निफाडचा परिसर गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या पाण्याने समृद्ध झाला आहे. द्राक्षांचे मळे, उसाचे फड आणि कांद्याची शेते तेथे दूरवर पसरलेली दिसतात. तेथील शेतकऱ्याने विहिरीवरील मोटारीचे बटण दाबले आणि पाणी आले नाही, तर तो लगेच मोटार खोलून बसत नाही. आधी तो लाईट आली आहे काय, ते पाहतो. मग तिन्ही फेज येतात ना, फ्यूज शाबूत आहे ना, याची खात्री करतो. मोटार फिरते, पण पाणी चढत नाही, असे आढळले तर त्याचे लक्ष फुटव्हॉल्व्हकडे जाते. जेथे प्रवाह खुंटला, त्याच्या आसपासच दोष असणार, हे तो अनुभवाने जाणतो. घरातील संगणक सुरू होईनासा झाला, तर हीच रीत उपयोगी पडते.

संगणक सुरू होतो, म्हणजे नेमके काय होते बरे? बटण दाबताच वीजपुरवठ्याचा भाग घरातील 230 व्होल्टच्या विजेपासून 12, 5 व 3.3 व्होल्टची वीज तयार करतो. ती मिळाली, की एका चिपमध्ये कायमची साठवलेली छोटी आज्ञावली जागी होते. वर्ग भरताच गुरुजी हजेरी घेतात, तशी ती रॅम, कळफलक, हार्ड डिस्क इत्यादी भागांची हजेरी घेते. हजेरी संपली, की ती डिस्कवरील मुख्य आज्ञावली शोधते आणि रॅममध्ये आणू लागते. मग पडद्यावर ओळखीचे चित्र उमटते. वीज, हजेरी, शोध आणि मुख्य आज्ञावलीचा आरंभ, अशा या चार पायऱ्या आहेत. गाडी कोणत्या पायरीवर अडली, हे कळले म्हणजे अर्धे काम झालेच!

एकही दिवा लागत नाही, पंख्याचा आवाजही येत नाही, तर दोष बहुधा विजेचा असतो. प्लग सैल झाला आहे काय, यूपीएस चालू आहे काय, हे पाहावे. त्याच सॉकेटला टेबललॅम्प लावला, की सॉकेटची परीक्षा आपोआप होते.

पंखा फिरतो, परंतु पडदा काळाच राहतो, अशा वेळी आधी पडद्याची वायर व त्याचे बटण तपासावे. पुष्कळ संगणक हजेरीत दोष आढळल्यास ठरावीक वेळा 'बीप' असा आवाज करतात. ते आवाज मोजून ठेवावेत. धुळीमुळे किंवा हादऱ्यामुळे रॅमची पट्टी नीट टेकत नसेल, तरीही असे घडते. मात्र पेटी उघडण्याचे काम जाणत्या माणसानेच, प्लग काढल्यावर करावे. वीजपुरवठ्याचा डबा तर कधीच उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यात घातक वीज साठून राहू शकते.

पडद्यावर 'डिस्क सापडत नाही' अशा अर्थाची सूचना आली, तर यंत्राला पेन ड्राइव्ह लावलेला नाही ना, ते पाहावे. काही वेळा यंत्र डिस्कऐवजी त्यातच मुख्य आज्ञावली शोधत बसते. संगणकावरील तारीख वारंवार चुकत असेल, तर आतील नाण्याएवढा सेल संपत आला असण्याचा संभव असतो. आरंभीचे चित्र येऊन काम तेथेच थांबले, तर नुकताच कोणता बदल केला होता, ते आठवावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत लिहावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर खरा दोष कोणता, हे कळत नाही.

अशी वही ठेवण्याची चाल जुनी आहे. 9 सप्टेंबर 1947 रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क दोन' या यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो चिकटपट्टीने नोंदवहीतच चिकटवून ठेवला! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये पूर्ण झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकात सुमारे 2,700 निर्वात नळ्या होत्या. एवढ्या नळ्यांतून निकामी झालेली एखादी हुडकून काढण्यास किती चिकाटी लागत असेल!

दुरुस्तीच्या घाईत एक मोठा धोका असतो. कुणीतरी 'फॉरमॅट करून टाका' असा सल्ला देतो. यंत्र कदाचित सुरू होते, पण डिस्कवरील मजकूर हातचा जातो. द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी, वर्षाचा जमाखर्च, आजीआजोबांची छायाचित्रे, यांतले काहीच बाजारात विकत मिळत नाही. म्हणून आधी मजकुराची प्रत काढून घ्यावी, मगच उपाय करावा. डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, तर यंत्र तत्काळ बंद करून ते जाणकाराकडे न्यावे. यंत्राचा भाग बिघडला तर नवा बसवता येतो. गेलेली नोंद पुन्हा मिळेलच, असे नाही. यासाठी यंत्र धडधाकट असतानाच महत्त्वाच्या मजकुराची दुसरी प्रत निराळ्या जागी ठेवण्याची सवय लावून घ्यावी.