विकत घेतलं, तरी आपलं नाही

रत्नागिरी नगर वाचनालय १८२८ सालचं. तिथलं पुस्तक जयगडला न्यायचं तर एसटी पकडावी लागते. ई-पुस्तक मात्र जयगडच्या जेटीवर बसूनही फोनवर उतरवता येईल. अडचण तंत्राची नाही, मालकीची आहे.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार पुस्तकाची एकदा विकलेली प्रत ‘वितरणात’ आली असं धरतात. ती वाचकाला द्यायला ग्रंथालयाला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. फाईल देताना मात्र नवी प्रतच तयार होते. म्हणून ग्रंथालयाला पुस्तक नव्हे, परवाना मिळतो, तोही प्रकाशकाच्या अटींवर. बहुतेकदा एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. वाचकाची मुदत संपली की कुलूपबंद फाईल आपोआप उघडेनाशी होते. पानं न झिजणाऱ्या पुस्तकासाठीही रांग लागते, ती अशी!

हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथालयांना सांगितलं: ई-पुस्तक २६ वेळा दिलं की परवाना संपला, पुन्हा विकत घ्या. घरबसल्या फुकट मिळालं तर विकत कोण घेईल, ही प्रकाशकांची भीती अगदीच खोटी नाही. पण २६ हा आकडा मला हट्टाचा वाटतो. नीट बांधलेलं पुस्तक त्याहून कितीतरी जास्त हात पाहतं. शासकीय अनुदानावर चालणाऱ्या गावच्या वाचनालयाला अशी पुनर्खरेदी झेपणं कठीण.

जयगडजवळच्या मालगुंडात जन्मलेले कवी केशवसुत १९०५मध्ये गेले. लेखकाच्या निधनानंतरची साठ वर्षांची मुदत केव्हाच उलटल्यामुळे त्यांच्या कविता कुणालाही, कितीही वेळा देता येतात. आजच्या कवीचा संग्रह ई-पुस्तक म्हणून द्यायचा तर आधी परवान्याची बोलणी.