गतायुष्याचा उद्धार

पेशवाईचा अस्त होऊन १८१८ साली खानदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली आला, त्या काळी सातपुड्याच्या आश्रयाने राहणाऱ्या भिल्लांची सरकारी दप्तरातील ओळख बहुतांशी दरोडेखोर एवढीच होती. त्यांच्या पारिपत्यासाठी फौजा धाडूनही बंदोबस्त होईना, तेव्हा १८२५ साली लेफ्टनंट जेम्स औट्रम याने त्यांच्यातूनच शिपाई निवडून भिल्ल पलटण उभी केली आणि तिचे ठाणे धरणगावी ठेवले. जुन्या गुन्ह्यांवर पडदा टाकून माणसाला नवी सनद देण्याचा हा प्रयोग यशस्वी झाला खरा. परंतु सरकारची माफी ही मुलुखाच्या शांततेसाठी दिलेली माफी होती, आणि माणूस उपयोगी असेतोवरच तिची मुदत होती.

ख्रिस्ती धर्मात ईश्वरी क्षमेचा जो विचार आहे, त्याचे वेगळेपण या तुलनेने ध्यानात येते. ख्रिस्ताने वधस्तंभावर मानवजातीच्या पापांचा भार स्वतः वाहिला, म्हणून पश्चात्तापाने आणि विश्वासाने त्याच्याकडे येणाऱ्याला जामीन किंवा मुचलका न मागता क्षमा मिळते, ही त्या धर्माची मूळ श्रद्धा. मात्र क्षमेने पापाचा दोष जातो, घडलेला भूतकाळ नाहीसा होत नाही. पौल हा आरंभी ख्रिस्तानुयायांचा छळ करणारा होता, त्यांतल्याच स्तेफनाला दगडांनी ठेचून मारणाऱ्यांची वस्त्रे त्याच्याच पायांशी ठेवलेली होती. आणि पुढे प्रेषित झाल्यावरही आपल्या पत्रांतून त्याने हे पूर्वचरित्र लपवले नाही, उलट आपल्यासारख्यावर दया झाली तर कोणाही पाप्याने निराश होण्याचे कारण नाही, यासाठी ते पुराव्यादाखल पुढे केले.

येथे एक भेद केला पाहिजे. काहींचा भूतकाळ स्वतः केलेल्या पापाने काळवंडलेला असतो, तर काहींचा सोसलेल्या दुःखाने. पहिल्याला क्षमेची गरज असते, दुसऱ्याला सांत्वनाची. भावांनी विकलेला योसेफ मिसर देशाचा कारभारी झाला आणि दुष्काळात त्याच भावांना त्याने धान्य दिले, ही कथा दुसऱ्या प्रकारची आहे. भावांच्या मनात दुष्टावा होता, पण देवाने त्यातून कल्याण साधले, असे योसेफ म्हणतो. दुष्टाव्याला तो कल्याण म्हणत नाही, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

दुःखातूनही देव कल्याण साधतो, या सिद्धांताचे महाराष्ट्रातील सर्वांत ठसठशीत उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८७४च्या सुमारास दुष्काळाच्या वणवणीत वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण या तिघांना काही महिन्यांच्या अंतराने त्यांनी गमावले. पुढे भाऊ गेला, आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच, १८८२ साली, पतीही गेले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथे फुलहॅम येथील आश्रमात, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची जोगिणी मायेने शुश्रूषा करीत असलेल्या त्यांनी पाहिल्या, आणि अशी दया कोठून येते असे विचारल्यावर ख्रिस्ताने दूर न लोटलेल्या शोमरोनी स्त्रीची बायबलातील कथा त्यांना ऐकवण्यात आली. १८९६–९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा, स्वतःच्या उपासमारीच्या स्मृतीनेच व्याकुळ होऊन, त्या तेथे गेल्या आणि सुमारे ३०० स्त्रिया व मुली त्यांनी केडगावी आणल्या. तेथे त्यांच्या आसऱ्यासाठी असलेल्या मुक्तिसदनाबरोबर कलंकित ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदनही उभे राहिले. ईश्वराने रमाबाईंना घडवण्यासाठी दुष्काळ धाडला असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. तो दुष्काळ त्याने व्यर्थ जाऊ दिला नाही, एवढे म्हणणे मात्र श्रद्धेला धरून आहे.

खानदेशाला हा विचार परका वाटू नये. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्या गीतेच्या नवव्या अध्यायातही, अनन्यभावाने भजणारा मोठा दुराचारी असला तरी त्याला साधूच मानावे, असे आश्वासन आहे. १९३८च्या सुमारास पश्चिम खानदेशात गुला महाराजांच्या उपदेशाने असंख्य भिल्लांनी दारू सोडली. नवापूरकडच्या ख्रिस्ती मंडळींतही उपासनेच्या वेळी स्त्री-पुरुष उभे राहून पूर्वायुष्याची ‘साक्ष’ देतात. पूर्वी ज्या गोष्टीची लाज वाटे, तीच गोष्ट समोरच्या व्यसनी माणसाला किंवा त्याच्या गांजलेल्या पत्नीला आधार ठरते. गतायुष्याचा उद्धार तो हाच.

परंतु साक्ष दिल्याने देणे फिटत नाही. जक्कय नावाच्या जकातदाराने ख्रिस्ताचे स्वागत केले तेव्हा अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे, आणि ज्यांना नाडले होते त्यांना चौपट परत करण्याचे त्याने कबूल केले. त्याच्या घराला तारण लाभल्याचे ख्रिस्ताने त्यावर जाहीर केले. तेव्हा क्षमेचे नाव पुढे करून नुकसानभरपाई टाळणारा, किंवा जिच्यावर अन्याय झाला तिलाच सर्व विसरण्याचा उपदेश करणारा, या श्रद्धेचा दुरुपयोग करतो. दुसरी जबाबदारी समाजाची आहे. शिक्षा भोगून किंवा व्यसन सोडून जो जळगाव-धुळ्याच्या एखाद्या गल्लीत परत येतो, त्याला देवाने क्षमा केली असली तरी शेजारी घर भाड्याने देत नाहीत आणि दुकानदार कामावर ठेवत नाहीत. वाचकांपैकी ज्यांच्या हाती असे घर किंवा काम असेल, त्यांनी निदान एकदा तरी ते अशा माणसाला देऊन पाहावे.